लाळेची साक्ष

वंशावळ हा आपल्याकडे मूळचा अभिमानाचा नव्हे, तंट्याचा दस्तऐवज. पाटीलकीचे वतन कोणत्या शाखेकडे जावे, इनामाची सनद कोणाच्या नावे चालावी, तक्षीम किती जणांत पडावी, असा कज्जा उभा राहिला म्हणजे वादी-प्रतिवादी आपापली कैफियत लिहून देत, तिच्या आरंभी मूळपुरुषापासूनची परंपरा मांडीत, मग गोतसभा भरे, गावच्या व शेजारगावच्या वृद्धांच्या जबान्या होत, आणि जे सर्वांना मान्य होई त्याचा महजर, म्हणजे निवाडापत्र, होऊन त्यावर निशाण्या पडत. साक्षीपुरावा दोन्हीकडे सारखाच भरला तर प्रसंगी उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याच्या दिव्यावर निवाडा सोपविला जाई. १८५२ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशन बसले तेव्हा याच वंशावळी पुनः दफ्तरांतून बाहेर निघाल्या, आणि विसाव्या शतकात घराण्याघराण्यांनी जे कुलवृत्तांत छापून काढले त्यांनाही याच कागदांचा आधार होता. या कागदांविषयी एक गोष्ट मात्र ध्यानी ठेविली पाहिजे. देहाचा संबंध काय होता, हे त्यांत नोंदलेले नसे. समाजाने कोणता संबंध मान्य केला, हे नोंदलेले असे. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक जाऊन शाहू छत्रपती झाले, तेव्हा भोसल्यांच्या वंशावळीत त्यांचे स्थान औरस पुत्राइतकेच पक्के झाले. त्यात खोटे असे काही नव्हते, कारण वंशावळीने रक्ताची हमी कधी दिलीच नव्हती.

या कागदी पुराव्याशेजारी आता एक नवा साक्षीदार येऊन उभा राहिला आहे, आणि त्याची जबानी घेण्यास कचेरीची पायरी चढावी लागत नाही. ह्यूस्टन येथील फॅमिलीट्रीडीएनए या कंपनीने २००० साली वंशशोधनाच्या हौशी मंडळींसाठी घरबसल्या डीएनए तपासून देण्याचा व्यवसाय सुरू केला. २००७ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातील ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीने ९९९ डॉलर किमतीची पेटी बाजारात आणली. २०१२ साली अँसेस्ट्री ही वंशावळींचे कागदपत्र पुरविणारी पेढी आपली नवी चाचणी घेऊन या धंद्यात उतरली आणि किंमत शंभर डॉलरांच्या आसपास येऊन ठेपली. २०१९ च्या आरंभापर्यंत अडीच कोटींहून अधिक माणसांनी, आणि त्यांत अमेरिकेतील लोकांचा भरणा फार मोठा, अशी चाचणी करून घेतली होती. पुष्कळांना ही पेटी नाताळची भेट म्हणून मिळाली होती. मनोरंजन म्हणून पेटीतल्या नळीत लाळेच्या नमुन्यासाठी थुंकलेल्या त्या माणसांपैकी काहींना सहा-आठ आठवड्यांनी जे उत्तर आले, त्याने त्यांच्या आईबापांच्या आयुष्यातील एखादे बंद दालन धाडकन उघडले.

हे कसे घडते ते थोडे समजून घेतले पाहिजे, कारण या चाचणीविषयीचे बहुतेक गैरसमज तिची रीत ठाऊक नसल्यामुळे उत्पन्न होतात. मनुष्याच्या डीएनएमध्ये सुमारे तीन अब्ज अक्षरे असतात, आणि कोणतीही दोन माणसे घेतली तरी त्यांतील सुमारे ९९.९ टक्के अक्षरे सारखीच निघतात. म्हणून प्रयोगशाळा सबंध पोथी वाचीत बसत नाही, जेथे माणसामाणसांत पाठभेद आढळतो अशी सहा-सात लाख स्थळे तेवढी वाचते. आईबापांकडून आलेल्या गुणसूत्रांची पुढच्या पिढीकडे जाताना तुकड्यातुकड्यांनी सरमिसळ होते. त्यामुळे दोन व्यक्तींत अखंड सारखे असलेले तुकडे जितके मोठे आणि जितके अधिक, तितके नाते जवळचे. या तुकड्यांच्या लांबीचे माप सेंटिमॉर्गन. थॉमस हंट मॉर्गन या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या नावावरून मॉर्गन हे एकक १९१९ साली सुचविले ते जे. बी. एस. हॉल्डेन यांनी, म्हणजे पुढे इंग्लंड सोडून भारताचे नागरिकत्व पत्करणाऱ्या आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे देह ठेवणाऱ्या त्याच विक्षिप्त विद्वानाने. आईबाप आणि अपत्य यांच्यांत सुमारे ३,४०० सेंटिमॉर्गन जुळतात, सख्ख्या भावंडांत २,६०० च्या आसपास, सावत्र भावंडांत १,७५० च्या आसपास, आणि चुलत, आते, मामे, मावस भावंडांत सुमारे ८५०. यंत्राला चुलत आणि मावस यांतला भेद कळत नाही. आकडा सांगून ते मोकळे होते, आणि १,७५० हा आकडा सावत्र भाऊ, काका किंवा आजोबा या तिघांचाही असू शकतो. त्या आकड्यातून नाते निश्चित करणे हे वय, गाव आणि कागदपत्रे ताडून पाहणाऱ्या माणसाचे काम.

चाचणीचे उत्तर दोन भागांत येते, आणि या दोन भागांची योग्यता एक नव्हे, हे मला या प्रकरणात मुख्यतः सांगावयाचे आहे. पहिल्या भागात, आपण इतके टक्के आयरिश, इतके टक्के इटालियन, इतके टक्के दक्षिण आशियाई, असा रंगीत नकाशा असतो. दुसऱ्या भागात, त्याच कंपनीच्या दफ्तरी असलेल्या इतर ग्राहकांपैकी आपले आप्त कोण, याची यादी असते. लोक पहिल्या भागावर भाळतात. वस्तुतः तो भाग एक मत आहे: आजच्या निरनिराळ्या प्रदेशांतील काही माणसे नमुन्यादाखल निवडून त्यांच्याशी केलेली ती तुलना असते, नमुने बदलले की टक्के बदलतात, आणि कॅनडाच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने २०१९ साली दोन जुळ्या बहिणींचे नमुने पाच कंपन्यांकडे पाठविले तेव्हा पाचांची उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत, इतकेच नव्हे तर काही ठिकाणी एकाच कंपनीने दोघी बहिणींना भिन्न टक्के कळविले. दुसरा भाग मात्र पुरावा आहे. जवळच्या नात्यांपुरता तो जवळजवळ अचूक असतो, आणि घरे हादरतात ती त्याच्यामुळे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका निवृत्त बाईंची हकीकत या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. वृत्तपत्रातून ती गाजली असली तरी नावे येथे अनावश्यक आहेत. आईबाप दोन्ही कॅथलिक, वडील आयरिश स्थलांतरितांचे पुत्र, आई इंग्लिश-आयरिश मिश्र कुळातली. असे असता २०१२ साली केलेल्या चाचणीत बाईंचा निम्मा वारसा पूर्व युरोपातील ज्यूंचा निघाला. नमुन्यांची अदलाबदल झाली असावी हा पहिला तर्क. तो भावंडांच्या आणि दुसऱ्या कंपनीच्या चाचणीने खोटा ठरला. मग आईकडून की वडिलांकडून, हा प्रश्न. दोघेही हयात नव्हते. येथे या बाईंनी, ज्या पूर्वी संगणकावर माहितीची व्यवस्था लावण्याचे काम करीत असत, एक सुंदर युक्तिवाद केला. पुरुषाला एक्स गुणसूत्र एकच असते आणि ते केवळ आईकडून येते. मुलीला दोन, एक आईचे आणि एक बापाचे. भावाच्या एक्स गुणसूत्रावर ज्यू वारशाची खूण मुळीच नव्हती, बहिणींच्या एका एक्सवर ती भरपूर होती. अर्थात ती खूण वडिलांची. मग आईकडील आणि वडिलांकडील अशा दोन भावंडांच्या चाचण्या झाल्या. आईकडचे नाते चोख जुळले. आतेभावाशी मात्र एक सेंटिमॉर्गनसुद्धा जुळेना, म्हणजे जिला बाई आत्या मानीत आल्या ती रक्ताने त्यांची कोणीही नव्हती.

येथून पुढे काही वर्षे शोध थांबला, कारण असे शोध पुढे सरकण्यासाठी दुसऱ्या कोणीतरी नळीत थुंकावे लागते. २०१५ च्या आरंभी ते घडले. ज्यू कुटुंबातील एका स्त्रीने हौसेने चाचणी केली, तिला अपेक्षित ज्यू वारशाच्या जागी आयरिश वारसा निघाला, आणि त्या अगदी अनोळखी स्त्रीचे नाते जुळले ते आमच्या बाईंच्या आतेभावाशी! दोन्ही कुटुंबांनी जन्मनोंदी काढून पाहिल्या. बाईंचे वडील आणि त्या स्त्रीचे आजोबा, दोघेही १९१३ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या एकाच रुग्णालयात जन्मले होते. अर्भकाच्या मनगटाला ओळखपट्टी बांधण्याची पद्धत तेव्हा रूढ झालेली नव्हती. कोणाच्या तरी हातून दोन बाळे दोन चुकीच्या मातांकडे गेली, आणि एक ज्यू मूल आयरिश कॅथलिक म्हणून, एक आयरिश मूल ज्यू म्हणून वाढले, संसारी झाले आणि काहीही न कळता निवर्तले. व्यभिचाराचा संशय, दत्तकाची कल्पना, सगळे व्यर्थ ठरले. कोणीच कोणाला फसविले नव्हते. अशा हकीकती ऐकताना प्रथम घरातील स्त्रीच्या चारित्र्याकडे बोट दाखविण्याची जी समाजाची जुनी खोड आहे, तिला हा एक दाखला पुरेसा आहे.

सर्वच उत्तरे इतकी निरागस नसतात. अमेरिकन लेखिका डॅनी शपिरो यांनी २०१६ साली पतीच्या आग्रहाखातर सहज म्हणून चाचणी केली. सनातनी ज्यू पित्याची कन्या म्हणून लिहिती झालेली ही बाई निम्मीच ज्यू निघाली, वडिलांच्या पूर्वविवाहातील मुलीशी तिचे काहीही नाते जुळले नाही, आणि शोधाअंती कळले ते असे की संतानप्राप्तीसाठी आईवडील फिलाडेल्फियाच्या ज्या संस्थेत गेले होते तेथे दुसऱ्याच पुरुषाचे वीर्य वापरले गेले होते. वंध्यत्वावरील उपचारांच्या पहिल्या काळात दात्याचे नाव कायमचे गुप्त राहील असे वचन दिले जात असे, आणि देणाऱ्यांनी ते प्रामाणिकपणे दिले असेलही. पण दात्याने स्वतः चाचणी न करताही त्याच्या चुलतभावाच्या हौसेपायी ते मोडते. काही वचने अर्थात प्रामाणिक नव्हतीच: इंडियाना राज्यातील डोनाल्ड क्लाइन या डॉक्टराने आपल्या स्त्रीरुग्णांसाठी त्यांच्या नकळत स्वतःचेच वीर्य वापरल्याचे अशाच चाचण्यांतून उघड झाले, त्याची अपत्ये नव्वदांहून अधिक भरली, आणि २०१९ साली त्या राज्याला या अपराधासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

इंग्लंडातील दाखला अधिक शांत आहे. कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना २०१६ साली, साठी उलटल्यावर, कळले की ज्यांना ते वडील मानीत आले ते गॅव्हिन वेल्बी नव्हेत, तर विन्स्टन चर्चिल यांचे खासगी चिटणीस सर अँथनी माँटेग्यू ब्राउन हे त्यांचे जन्मदाते होत. सर अँथनी तेव्हा हयात नव्हते. त्यांच्या केसांच्या ब्रशात राहिलेल्या केसांशी आर्चबिशपांच्या गालातील नमुना ताडून पाहण्यात आला. वेल्बी यांनी निवेदन काढले त्याचा आशय इतकाच की आपण कोण, हे आपल्याला जनुकांतून नव्हे तर ख्रिस्ताच्या ठायी कळते. चर्चिलच्या कचेरीतच चिटणीस असलेल्या त्यांच्या मातोश्रींनीही काही न लपविता निवेदन केले. वेल्बी यांच्या वंशावळीची दुसरी बाजू मात्र तसूभरही हलली नाही, आणि ती नागपूरकरांस ठाऊक असावी अशी आहे: त्यांच्या आईचे आजोबा सर माँटेग्यू बटलर हे १९२५ ते १९३३ पर्यंत मध्यप्रांत व वऱ्हाडचे गव्हर्नर होते.

आता सुरतेची आणि मुंबईची एक कथा. स्कॉटलंडहून आलेला थिओडोर फोर्ब्स हा तरुण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुरतेस कंपनी सरकारच्या व्यापारी नोकरीत होता. तेथे एलायझा केवार्क नावाच्या स्त्रीशी त्याचा घरोबा झाला, १८१२ साली कॅथरिन ही मुलगी झाली. पुढे फोर्ब्स मुंबईस व्यापारी पेढीचा भागीदार झाला, एलायझा सुरतेस मागे राहिली, आणि मुलीला शिक्षणासाठी स्कॉटलंडला धाडण्यात आले. फोर्ब्स १८२० साली मायदेशी परतताना समुद्रावरच वारला. आईची आणि मुलीची पुनः भेट झाली नाही. कॅथरिन स्कॉटलंडातच विवाहित झाली, तिची मुलगी, त्या मुलीची मुलगी, अशी नाळ थेट प्रिन्सेस डायनापर्यंत आणि तिच्या पुत्रापर्यंत, म्हणजे प्रिन्स विल्यमपर्यंत, येऊन पोहोचते. घराण्यात एलायझा आर्मेनियन होती असेच सांगितले जात असे. २०१३ साली तिच्या मातृपरंपरेतील दोन दूरच्या वंशजांच्या लाळेतील तंतुकणिकांचा डीएनए तपासण्यात आला. हा डीएनए केवळ आईकडून अपत्यांकडे जातो, बापाचा त्यात अंशही नसतो; आणि तो निघाला आर-३०-बी या दुर्मीळ शाखेचा, जी जवळजवळ केवळ भारतीय उपखंडातच आढळते.

वृत्तपत्रांनी याचा मथळा अर्थात भावी राजाच्या भारतीय रक्ताचा केला. पण पुरावा जितके सांगतो तितकेच घ्यावे. या चाचणीने सिद्ध झाले ते एलायझाची आई, किंवा तिची आजी, किंवा त्याही मागची कोणी स्त्री भारतीय होती, एवढेच. तिच्या बापाविषयी हा डीएनए मुका आहे. केवार्क हे नाव आर्मेनियन वळणाचे आहे, सुरतेस आर्मेनियन व्यापाऱ्यांची जुनी वसाहत होती, तेव्हा बाप आर्मेनियन आणि आई सुरतेकडची, असा संसार तेथे सहज संभवतो. अर्थात घराण्याने जे सांगितले ते खोटे नव्हते, आईचा अर्धा भाग वगळून सांगितलेले होते. हिशेबही करून पाहावा. एलायझा आणि विल्यम यांच्यांत सात पिढ्यांचे अंतर. सात वेळा निम्मे केले म्हणजे १२८ वा हिस्सा उरतो, शेकडा पाऊण. राजपुत्राने मात्र स्वतः काहीच पाठविले नव्हते, त्याची संमती कोणी घेतली नव्हती, आणि बातमीच्या निमित्ताने चाचणी विकणाऱ्या कंपनीची जाहिरात आयतीच झाली, यावर तेव्हाच टीका झाली आणि ती मला रास्त वाटते.

कोकणातील बेने इस्राएल समाजाची गोष्ट याच जातीची, केवळ तिचा पट मोठा. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा तेल गाळणारा, शनिवार पाळणारा, रोहेकर-पेणकर अशी गावावरून आडनावे लावणारा समाज वाढला, अशी परंपरा आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने या समाजाचा मध्यपूर्वेतील ज्यूंशी असलेला रक्तसंबंध खरा ठरविला; त्याचबरोबर असेही दाखविले की पितृपक्ष मुख्यतः ज्यू, मातृपक्ष मुख्यतः येथला, आणि हा संकर सुमारे साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वीचा. सात पुरुषांचे स्मरण टिकले, सात स्त्रियांविषयी शंका राहिली. पिढ्यान् पिढ्या मराठीत संसार केलेल्या समाजाच्या आद्य माता कोकणातल्या निघाव्यात, यात नवल करण्यासारखे फार नाही.

मराठी वाचकाने ही चाचणी स्वतःस लावून पाहताना दोन सावधगिऱ्या बाळगाव्यात. जेथे विवाह शतकानुशतके जातीच्या आत होत आले, आणि काही समाजांत मामाची मुलगी करणे हे प्रशस्त मानले गेले, तेथे दोन माणसांत अनेक वाटांनी आलेले तुकडे जुळतात. परिणामी पाचव्या-सहाव्या पिढीतला भाऊबंद यंत्राला तिसऱ्या पिढीतला भासतो. दुसरे असे की दर दहा माणसांत एकाचा बाप वेगळाच असतो, हे जे लोक मिटक्या मारीत सांगतात त्याला आधार नाही. बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठातील मार्टेन लार्म्यूसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वंशावळी आणि वाय गुणसूत्रे ताडून पाहिली तेव्हा गेल्या काही शतकांत हे प्रमाण पिढीमागे शेकडा एक-दोनच्या घरात भरले. एकोणिसाव्या शतकातील दाट वस्तीच्या गरीब नगरभागांत तेवढे ते अधिक होते. दहा पिढ्यांच्या वंशावळीत एखादा सांधा निखळलेला असणे मुळीच अशक्य नाही, परंतु आपल्याच घरात तो असेल असे धरून चालण्यास कारण नाही.

राहता राहिली कायद्याची बाजू. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील ११२ वे कलम, जे आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ११६ वे होऊन आले आहे, असे मानते की वैध विवाह चालू असता जन्मलेले मूल औरसच, मग शेजारी काहीही म्हणोत. पतिपत्नींना त्या काळात एकत्र येण्याची संधीच नव्हती असे सिद्ध झाले तरच ते गृहीत ढळते. २०१४ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका पोटगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डीएनएच्या पुराव्याला या गृहीतावर वरचढ ठरविले. २०२३ साली, पुन्हा महाराष्ट्रातीलच एका घटस्फोटाच्या दाव्यात, नवराबायकोच्या भांडणात मुलाच्या डीएनएची चाचणी सर्रास करू नये असे त्याच न्यायालयाने बजाविले. दोन्ही फैसले आपापल्या जागी मला पटतात, आणि दुसरा अधिक पटतो, कारण चाचणी मागणारे दोघे असतात आणि तिचे उत्तर आयुष्यभर वागविणारा तिसराच असतो.

त्या तिसऱ्याचा विचार पेटी विकणारा करीत नाही. आपली लाळ ही आपल्या भावंडांचीही जबानी असते, मुलांचीही, अजून न जन्मलेल्या नातवंडांचीही. कॅलिफोर्नियात चाळीस वर्षे न सापडलेला एक खुनी २०१८ साली पकडला गेला तो त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी हौसेने जमा केलेल्या डीएनएमुळे. तेथे समाजाचे हितच झाले. पण २०२३ साली ट्वेंटीथ्री अँड मीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती गेली, आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा ते दफ्तर कोणाच्या ताब्यात जाणार, हा प्रश्न खुद्द ग्राहकांनाही सोडविता येईना. आपल्याकडे डीएनएच्या वापराचे नियमन करणारे विधेयक २०१९ साली लोकसभेत आले आणि २०२३ साली मागे घेतले गेले.

म्हणून ज्या वाचकास ही पेटी मागवावयाची आहे त्याने ती खुशाल मागवावी, परंतु प्रथम त्र्यंबकेश्वरी किंवा जेथे घराण्याचे तीर्थोपाध्याय असतील तेथे त्यांच्या वह्यांतील नोंदी पाहाव्यात, घरातील वृद्धांकडून चार पिढ्यांतील सासर-माहेरची नावे उतरून घ्यावीत, कारण नावांवाचून आप्तांची यादी निरुपयोगी आहे. आणि ज्या घरात दत्तकाची, मोडलेल्या पहिल्या लग्नाची किंवा वंध्यत्वावरील उपचारांची कुजबुज कधी कानी आली असेल, त्या घरातील वडीलधारी माणसे हयात असतील तर नळीत थुंकण्याआधी त्यांच्यापाशी जाऊन बसावे. पाच वर्षांनी एखादा अनोळखी आतेभाऊ पत्राने जे कळविणार, ते आज आईच्या तोंडून कळणे केव्हाही बरे.